चुकलेला शब्द

शनिवारी सायंकाळची वंदना आणि जेवण आटोपले की आमच्या वसतिगृहात गाण्यांच्या भेंड्या रंगत. नववीला आमच्या वर्गात एक मुलगा होता. तो भेंड्यांना बसत नसे. मात्र हौदावर कपडे धुताना एकच चित्रपटगीत गुणगुणत असे. त्या गीतात नाव पैलतीराला लागण्याची गोष्ट होती. तो ‘नाव’च्या जागी ‘गाव’ म्हणे. “अरे, गाव कधी तरंगतं का?” असे म्हणून आम्ही त्याची थट्टा करीत असू. तो शब्द काही बदलत नसे. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत परतला नाही, आणि आम्हीही त्याला लवकरच विसरलो.

पुढे महाविद्यालयात असताना जे. डी. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ ही १९५१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आम्हां मित्रांच्या हाती आली. एकच प्रत आम्ही आळीपाळीने वाचली. तिचा निवेदक होल्डन कॉलफिल्ड हा न्यूयॉर्कमधील सधन घरातला, सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. पाचपैकी चार विषयांत नापास झाल्यामुळे त्याला निवासी शाळेतून काढून टाकले आहे. धाकटा भाऊ अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगाने गेला, ते दुःख त्याच्या मनातून हललेले नाही. घरी तोंड दाखवायचे धैर्य नाही, म्हणून तो शहरात भटकतो आहे. त्याच्या श्रीमंतीशी आमचा काही संबंध नव्हता. पण घरापासून दूर, शंभर मुलांत असूनही एकटे पडणे म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक होते.

होल्डन सतत बोलतो. जे खरे सांगायचे असते, ते मात्र त्याला थेट सांगता येत नाही. ते गाण्यांतून बाहेर पडते. दहा वर्षांच्या बहिणीसाठी, फीबीसाठी, तो एक तबकडी विकत घेतो. समोरचे दोन दात पडल्यामुळे लाजून घराबाहेर न पडणाऱ्या मुलीचे ते गाणे कादंबरीकाराच्या कल्पनेतले आहे. एका कृष्णवर्णीय गायिकेने ते लाडिक न करता गायिले आहे, म्हणून होल्डनला ते आवडते. ही तबकडी त्याच्या हातून पडून फुटते. फीबी ते तुकडे मागून घेते आणि खणात जपून ठेवते.

त्याच रविवारी रस्त्यात एक लहान मुलगा गाणे म्हणत चाललेला त्याला दिसतो. शेजारून मोटारी धावत आहेत आणि आईवडिलांचे लक्ष नाही. ते गाणे मूळचे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांचे. त्यात राईच्या शेतातून येताना कुणी कुणाला ‘भेटण्याची’ गोष्ट आहे. होल्डनच्या मनात मात्र ‘धरण्याची’, पडणाऱ्याला सावरण्याची गोष्ट राहते. तुला व्हायचे तरी काय आहे, असे फीबी विचारते, तेव्हा तो या चुकलेल्या शब्दावरच उत्तर देतो: कड्याच्या टोकाशी उभे राहून, खेळता खेळता खाली पडणाऱ्या मुलांना धरायचे. अ‍ॅलीला तो धरू शकला नव्हता.

फीबी शब्द दुरुस्त करते. पण दुसऱ्या दिवशी आपले कपडे भरलेली बॅग ओढीत ती त्याच्याबरोबर निघून जायला येते. शेवटी ती चक्रपाळण्याच्या घोड्यावर बसून फेऱ्या मारते, ‘स्मोक गेट्स इन युवर आइज’ ही १९३३ सालची लोकप्रिय चाल वाजत असते आणि पावसात भिजत होल्डन रडण्याच्या बेतात येतो, आनंदाने.

हे वाचताना आम्हांस हौदावरचा तो मुलगा आठवला. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात, हे आम्हांस पुष्कळ उशिरा, एका वर्गमित्राकडून कळले. मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता निघे, घराला कुलूप लागे आणि निम्मे गाव पट्टा पडेपर्यंत दूरच्या फडावरील कोप्यांत राही. आम्ही सुटीत घरी जात असू, तेव्हा त्याचे गाव जागेवर नसे. ते कुठे तरी काठाला लागावे, एवढेच तो म्हणत होता.

शब्द आम्हीही दुरुस्त केला होता. फीबीने त्यापुढे जे केले, ते आम्ही केले नाही. आज आमच्यापैकी काही शिक्षक आहेत, बहुतेक जण पालक आहेत. मूल एखादे गाणे चुकीचे म्हणू लागले की आम्ही आता आधी ते शेवटपर्यंत ऐकतो.

ही स्मरणिका फिरत फिरत त्या मित्राच्या हाती पडली, तर त्याने एकदा शाळेत यावे. हौद अजून तिथेच आहे. ते गीत आम्हांस त्याच्याच शब्दांत ऐकायचे आहे.