पाचोळा त्यांचा, धूर आमचा

देवनारचं डम्पिंग १९२७ साली सुरू झालं. त्याच साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तिथं आपण पाण्याचा हक्क मागत होतो, इथं शहर आपला उकिरडा वेशीबाहेर नेत होतं. पुढं शहरातून उठवलेली माणसंही त्याच उकिरड्याच्या कडेला आणून टाकली.

गिरणीच्या रात्रपाळीत कापसाचे तंतू छातीत भरून मी घरी येतो, तर दारात कुजका वास उभा. बागेतल्या छाटलेल्या फांद्या, सुका पाचोळा, हॉटेलातलं खरकटं, सगळं एकाच ढिगात. आत हवा नाही. कुजताना मिथेन वायू धरतो. मग ठिणगी पुरे. जानेवारी २०१६ मध्ये ढीग पेटला, धूर मुंबईभर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा कुठं शहर खोकलं. गोवंडीची पोरं आधीपासून खोकतच होती.

आमचं मागणं साधं आहे. पाचोळा ज्या बागेचा, त्याच बागेत खड्डा खणा, पाणी मारा, वरखाली करा. काही महिन्यांत खत होतं. त्याला डिग्री लागत नाही. पण खड्डा आपल्या बागेत नको, गोवंडीत चालेल, असं म्हणणाऱ्याच्या नाकालासुद्धा जात असते.