जवारी

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी वाचली आणि माझे मन एकदम ब्राह्मणपुरीतल्या त्या वाड्याच्या सोप्यावर जाऊन बसले. वाचक म्हणतील, मानांकनाचा आणि एका बाईच्या आठवणींचा काय संबंध? संबंध एका तानपुऱ्याचा आहे.

1979 साली वडिलांची रेल्वेतली बदली मिरज जंक्शनला झाली आणि आम्ही त्या वाड्यात दोन खोल्या घेतल्या. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणत असू. त्यांना दोन मुलगे. थोरला सांगलीला बँकेत. धाकटा माझ्याच वर्गात, बी. ए.च्या पहिल्या वर्षाला. बोलका, गाणारा, जिना एका वेळी तीन पायऱ्या चढणारा. ग्रंथालयाच्या पुस्तकांतून आमच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या, कृष्णेच्या घाटावर दोन-तीनदा जाणेही झाले. ते वयच तसे होते, एवढे म्हणून पुढे जाते.

थोरल्याला मी दादा म्हणे. सगळा वाडाच म्हणे. संध्याकाळी सायकल अडकवून, हातपाय धुऊन तो वडिलांचा तानपुरा गवसणीतून काढी आणि नुसता लावत बसे. स्वतः गात नसे. मी तेव्हा गाणे शिकत होते, म्हणून काकूंनी रियाजाला सोप्यावर बसायची मुभा दिली होती.

मग उरुसाची ती रात्र आली. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. 1937 साली ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे रात्ररात्र गाणे चालते. आम्ही सगळे गेलो होतो. धाकटा थोड्याच वेळात मित्रांत मिसळला. आई आणि काकू पेंगत होत्या. दादा माझ्या शेजारी होता. तानपुऱ्याची तार घोडीवर टेकते तिथे तिच्याखाली दोरा सारतात, तो केसभर मागेपुढे करायचा, आणि एका जागी तार अशी बोलते की एका स्वरातून अनेक स्वर फुटू लागतात. तिलाच जवारी लागली म्हणतात. हे तो हळू आवाजात सांगत होता. "ती जागा दिसत नाही," तो म्हणाला, "ऐकूच यावी लागते." एवढेच! शपथेवर सांगते, याहून एक अक्षर अधिक तो बोलला नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या तोंडून त्याला 'दादा' अशी हाक निघेना. "अहो, जरा ऐकता का," असे काहीतरी मोघम म्हणू लागले. संध्याकाळी सायकलची घंटा ऐकू आली की हातातले काम थांबे. आणि पुस्तकातल्या चिठ्ठ्याही चालूच होत्या. यात लबाडी होती का? त्या वेळी मला तसे वाटत नव्हते. आज वाटते.

1981च्या मार्गशीर्षात काकू आईकडे नारळ घेऊन आल्या. थोरल्यासाठी मला मागणी! आई हरखली. "सोन्यासारखा मुलगा, आणि घर डोळ्यांसमोरचं," असे दिवसभर चालले होते. धाकट्याने जिन्यात गाठून विचारले, "तू सांगणार आहेस ना घरी?"

"सांगते," मी म्हटले.

आठ दिवस मी काही सांगितले नाही. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. हिंदी सिनेमात अशा वेळी एक भाऊ सोयीस्करपणे मरतो आणि नायिकेची सुटका होते. आमच्याकडे दोघेही धडधाकट होते, रोज एकाच पंगतीला जेवत होते. नवव्या दिवशी तिथेच धाकट्याने सगळे सांगून टाकले. पाट सरकल्याचा आवाज आमच्या खोलीपर्यंत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आमच्या दारात उभा राहिला. आत आला नाही.

"एकच विचारतो. तू मला दादा म्हणायचं का सोडलंस?"

मला उत्तर देता आले नाही. त्याने मान हलवली आणि गेला. महिन्याभरात त्याने बदली मागून घेतली. धाकटा त्यानंतर माझ्याशी एकदाच बोलला. "निदान नाही तरी म्हणायचं होतंस, त्याला किंवा मला." पुढच्या वर्षी वडिलांची सोलापूरला बदली झाली, माझे लग्न झाले, संसार झाला. भाऊ-भाऊ कित्येक वर्षे बोलत नव्हते, काकूंच्या अखेरच्या आजारात एकत्र आले, असे मागाहून कानावर आले.

बातमी वाचल्यावर मिरजेला गेले. वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर धाकटा राहतो. केस पांढरे झालेले, जिना आता एकेक पायरीने. कोपऱ्यात गवसणीतला तानपुरा होता. "परवाच पाठवलाय," तो म्हणाला, "जवारी काढून घे म्हणून."

त्याची बायको चहा घेऊन आली. मनमोकळी बाई. "ह्यांच्या वर्गातल्या ना तुम्ही? इथेच राहत होतात म्हणे. मग आमच्या थोरल्या भाऊजींनाही ओळखत असाल?"

धाकटा खिडकीबाहेर पाहत होता.

"हो," मी म्हटले, "दादांना ओळखते."