मुठीची उंची

हँडल वर घ्यायचंय म्हणून कुणी गॅरेजवर आलं की मी आधी विचारतो, मुंग्या कुठल्या बोटांना येतात? करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर अंगाचा भार येतोय. अंगठा आणि त्यालगतची दोन बोटं बधिर होत असतील, तर बहुतेक मनगट मुरडलेलं राहतंय. या दुसऱ्या माणसाला बऱ्याचदा रायझर, म्हणजे हँडल उंच करायला त्याखाली बसवायचा ठोकळा, लागतच नाही. क्लॅम्प सैल करून हँडल जरासं फिरवायचं, क्लच आणि ब्रेकच्या लिव्हर थोड्या खाली घ्यायच्या, कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत आला की काम झालं. त्याचे मी पैसे घेत नाही.

नवी मुंबईतल्या माणसाला एकाच हँडलकडून दोन वेगळी कामं हवी असतात. आठवडाभर सायन-पनवेल हायवेवर क्लच दाबत रांगायचं आणि रविवारी घाट चढायचा. पुण्याच्या एक्सप्रेस-वेवर दुचाकीला बंदी. म्हणजे घाटावर जायचं तर पनवेलवरून जुन्या रस्त्याने खोपोली आणि बोरघाट. रांगताना पाठ ताठ हवी असते. घाटाच्या वळणावर मात्र पुढच्या चाकावर वजन हवं असतं, आणि हँडल जितकं वर, तितकं ते वजन मागे सरकतं. पाठीला हवी ती उंची आणि चाकाला हवी ती उंची एकच नसते. त्या दोन्हींच्या मधे कुठेतरी थांबावं लागतं.

कुठे थांबायचं, ते रायझरच्या खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावरून ठरवू नये. मी वरचा क्लॅम्प उघडून हँडल मोकळं करतो. गॅरेजमधला पोरगा मागून गाडी सरळ धरतो, मालक नेहमीच्या बुटांत गाडीवर बसतो, डोळे मिटून खांदे सैल सोडतो आणि हात पुढे आणतो. जिथे हात आपसूक येतात, तिथे मी हँडल हवेत धरतो आणि टेपने माप घेतो. ‘दोन इंच वाढवा’ म्हणत आलेल्या माणसाचं माप पुष्कळदा वीस-पंचवीस मिलिमीटरवर येऊन थांबतं. याच वेळी कुठली वायर आधी ताणली जाते, तेही दिसतं. नवा भाग विकत घेण्याआधी हे दिसलेलं बरं.

रायझर हँडलला नुसतं वर नेत नाही, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागतं. तो बसतो वरच्या टीवर, म्हणजे पुढच्या शॉकअपना वरून जोडणाऱ्या पट्टीवर, आणि टी शॉकअपबरोबर मागे कललेली असते. हा कल पंचवीस अंश धरला, तर तीस मिलिमीटरच्या सरळ रायझरने हँडल सत्तावीस मिलिमीटर वर आणि जवळजवळ तेरा मिलिमीटर मागे, म्हणजे चालवणाऱ्याकडे येतं. बुटक्या माणसाला हे सोयीचं. उंच माणसाची कोपरं मात्र पोटाशी येतात. त्याला पुढे सरकलेला रायझर लागतो. मागे आलेलं हँडल पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकीला चेपला जातो का, हेही दोन्ही बाजूंना बघावं लागतं.

हँडल चढवण्याचं काम अर्ध्या तासाचं. खरं काम वायरींचं. कंपनीने प्रत्येक वायर त्या गाडीच्या मूळ उंचीला मापून दिलेली असते. पण तिच्या वाटेत थोडी जागा लपलेली असते. हेडलाइटमागची पट्टी सोडली, वायर चेसिसच्या दुसऱ्या अंगाने आणली, की पुष्कळदा हवी तेवढी ढील मिळते. नाही मिळाली तर लांब वायर घालायची, ओढाताण करायची नाही. मग गाडी न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवून मी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवतो आणि कान देतो. आवाज कणभर जरी चढला तरी अ‍ॅक्सिलेटरची वायर ओढली जातेय असं समजायचं. अशी गाडी सेक्टरच्या आतल्या गल्लीत यू-टर्न घेताना, माणसाने मूठ पिळली नसतानाही पुढे उसळते. क्लचच्या लिव्हरचा प्ले मी दोन्ही टोकांना बोटाने हलवून बघतो. प्ले संपला की क्लच घसरू लागलाच. नव्या हिमालयन ४५० सारख्या गाड्यांत अ‍ॅक्सिलेटरची वायर नसते, काम इलेक्ट्रॉनिक सेन्सर करतो. तिथे ही काळजी जाते, पण स्विचच्या बारीक तारांची वाढते. रोजच्या ताणाने तार आतल्या आत तुटते, वरचं आवरण शाबूत राहतं आणि काही महिन्यांनी हॉर्न बंद पडतो. मग दोष शोधत बसायचं.

ब्रेकचा पाइप ताणलेला असेल तर मी तिथेच थांबतो. लांब पाइप, दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर, ताजं ब्रेक ऑइल, आणि हवा पूर्ण निघेपर्यंत ब्लीडिंग. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून खाडीकाठच्या पावसाळ्यात उघडलेला डबा मी पुढच्या गाडीला वापरत नाही. टाकीवर आधी ओलं फडकं टाकतो, कारण ब्रेक ऑइलचा एक थेंबही रंग खातो.

रायझर टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवर करून घेतला तरी चालतो, पण तो सॉलिड ठोकळ्यातून कातलेला हवा, ओतीव नको. हँडलच्या नळीला तुकडा वेल्ड करून तर कधीच नाही. आठ मिलिमीटरचा बोल्ट अ‍ॅल्युमिनिअमच्या आट्यांत निदान बारा मिलिमीटर उतरला पाहिजे. उंची वाढली की खड्ड्याचा प्रत्येक दणका त्या बोल्टला जास्त जोराने वाकवतो, म्हणून जुनाच बोल्ट कसाबसा पुरवणं मला मान्य नाही. पाना टॉर्कचा, आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला.

खांद्यापर्यंत येणारं हँडल बसवायला काही जण येतात. मी नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. हात खांद्याच्या रेषेत गेले की अचानक वळवायची वेळ आल्यावर त्यांत जोर उरत नाही.

हातावरचा भार उतरतो तो कुठे जातो, हेही मी आधीच सांगून ठेवतो. तो माकडहाडावर जातो. पाऊस संपताना रस्त्यांची जी अवस्था असते, तीत ताठ बसलेल्या माणसाच्या कण्याला प्रत्येक खड्डा सरळ लागतो. म्हणून पहिली मोठी फेरी झाली की गाडी परत आणायला सांगतो. बोल्ट तपासतो आणि पुन्हा विचारतो, आता कुठे दुखतंय? मनगट बरं झालं पण कंबर धरली असेल, तर रायझर बदलून दहा मिलिमीटर कमी उंचीचा बसवतो. उतरवताना वायरींना काही करावं लागत नाही, फक्त त्या वळताना कुठे दुमडत नाहीत ना, एवढं बघायचं.