गुणांच्या आधीची ओळ

‘सायबरपंक २०७७’ या पोलंडमध्ये बनलेल्या गेमची पहिली परीक्षणं ७ डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाली आणि त्यांतली बहुतेक भरभरून कौतुक करणारी होती. तीन दिवसांनी, १० डिसेंबरला, गेम बाजारात आला. ८० लाखांहून अधिक लोकांनी तो आगाऊ नोंदवून ठेवला होता आणि त्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांनी तो कन्सोलसाठी घेतला होता. त्यांनी तो प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वनवर सुरू केला तेव्हा रस्त्यावरची माणसं डोळ्यांदेखत गायब होत होती, भिंती आणि चेहरे आधी पुसट दिसून मग सावकाश स्पष्ट होत होते आणि गोळीबार सुरू झाला की चित्रच अडखळत होतं. गेम मध्येच बंद पडायचा तो वेगळाच. आठवडा उलटतो न उलटतो तोच सोनीने हा गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली.

मग परीक्षकांनी खोटं लिहिलं होतं का? नाही. गेम बनवणाऱ्या कंपनीने प्रकाशनाआधी त्यांना फक्त पीसीची आवृत्ती दिली होती. व्हिडिओ परीक्षणांत स्वतः टिपलेली दृश्यं वापरायची नाहीत, कंपनीने पुरवलेलीच वापरायची, अशी अटही होती. ताकदवान पीसीवर जे दिसलं ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. पण ज्याच्या घरी २०१३ सालचा प्लेस्टेशन ४ होता, त्याच्या दृष्टीने ते परीक्षण दुसऱ्याच कुठल्या तरी वस्तूचं होतं.

नव्या गेमची परीक्षणं लिहिणं हे माझं काम आहे आणि या कामाचा पहिला नियम मी या प्रकरणावरून सांगते. गेम कसा आहे हे सांगण्याआधी तो कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत, किती वेळ आणि कुणाच्या पैशाने खेळला हे सांगितलं पाहिजे. ही एक ओळ गुणांच्या आधी यायला हवी. ती नसेल तर पुढच्या हजार शब्दांवर विसंबायचं कशाच्या जोरावर?

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. नाटकाचं परीक्षण आपण संहिता वाचून लिहीत नाही, प्रयोग पाहून लिहितो. कोणता संच होता, कोणतं नाट्यगृह होतं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता का, हे सगळं त्यात येतं. गेमचंही तसंच आहे. डिस्कवर असते ती संहिता. प्रयोग होतो तो तुमच्या घरच्या यंत्रावर, तुमच्या हातांनी.

कन्सोल घेणारा माणूस यंत्राच्या पोटात काय आहे याची उठाठेव करावी लागू नये, याचेच पैसे मोजत असतो. टीव्हीला जोडा, डिस्क घाला, खेळा, एवढंच वचन त्याला दिलेलं असतं. ते पाळलं गेलं का हे तपासणं हे परीक्षकाचं मूळ काम. आता ही तपासणी कशी होते ते जरा जवळून पाहू.

साधा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. बरेच कन्सोल गेम सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे ३० फ्रेम, देतात. तेव्हा प्रत्येक फ्रेम टीव्हीच्या दोन फेऱ्या, ३३.३ मिलिसेकंद, पडद्यावर राहिली पाहिजे. आता समजा, एक फ्रेम एकच फेरी राहिली आणि पुढची तीन फेऱ्या. सेकंदाला सरासरी ३०च भरते, पण चित्र हिसके देत पुढे सरकतं. खेळणाऱ्याला कारण सांगता येत नाही, ‘काहीतरी जड वाटतंय’ एवढंच तो म्हणतो. म्हणून मी सरासरीवर विश्वास ठेवत नाही. गर्दीच्या चौकात उभी राहून कॅमेरा सावकाश गोल फिरवते, दूरच्या खांबाच्या उभ्या कडेवर नजर ठेवते. ती कड सलग सरकली तर ठीक, टप्प्याटप्प्याने उडाली तर घोटाळा आहे. मग तीच जागा पावसात, रात्री आणि मारामारी चालू असताना बघायची. ब्रिटनमधल्या डिजिटल फाउंड्रीसारख्या चमूंनी हेच मोजमाप यंत्रांनी, फ्रेम न् फ्रेम करून दाखवायची शिस्त या क्षेत्राला लावली आणि त्यामुळे ‘मला तसं वाटलं’ याच्या जागी पुरावा आला.

हातात धरून खेळायच्या यंत्राची, म्हणजे हँडहेल्डची, परीक्षा आणखी वेगळी असते. १९८९ साली आलेल्या निन्टेन्डोच्या गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, चार छटांचा होता. मागून उजेड नाही, रंग नाहीत. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरला रंगही होते आणि उजेडही. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. नुसती चित्रं शेजारी शेजारी ठेवून निकाल दिला असता तर गेम गिअर सहज जिंकला असता. बाजारात मात्र गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रं विकली गेली. प्रवासात, मुलांच्या दप्तरात कोणतं यंत्र चालू राहतं, हाच तिथे खरा प्रश्न होता.

२०१७ साली निन्टेन्डोचा स्विच आला आणि एकाच यंत्रात दोन प्रयोग होऊ लागले, एक टीव्हीवर आणि एक हातात. पहिल्याच दिवशी आलेला ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ टीव्हीवर जास्त रेखीव दिसायचा, पण सुरुवातीला तिथे अडखळायचाही जास्त. हातात धरल्यावर त्याची चाल अधिक सलग होती. ‘विचर ३’ २०१९ मध्ये स्विचवर आला तो मोठ्या टीव्हीवर धुरकट दिसतो आणि ६.२ इंची पडद्यावर तोच गेम मन रमवतो. म्हणून हँडहेल्डवरचा गेम मी टीव्हीसमोर बसून कधीच संपवत नाही. खिडकीशी बसून, दुपारच्या उजेडात, एक हात लांब धरून बघते. दहा फुटांवरच्या टीव्हीसाठी बेतलेली अक्षरं तिथे मुंगीएवढी होतात. औषधाचं नाव, नकाशावरची खूण, संवादाची ओळ वाचता येते का? अक्षर मोठं करायची सोय दिली आहे का? दहा मिनिटांत स्टेशन येणार असेल तर मधेच थांबून नंतर तिथूनच पुढे जाता येतं का? चष्मा लागलेल्या वाचकाला गेममधल्या उजेडाच्या परिणामांपेक्षा या उत्तरांचा उपयोग जास्त आहे.

एवढं सगळं एका आकड्यात मावत नाही, तरी आकड्याचं राज्य मोठं आहे. जपानच्या ‘फामित्सू’ साप्ताहिकाची पद्धत मला आवडते. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, एकूण चाळीस. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये ‘झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ला. त्या पद्धतीत निदान चौघांची मतं वेगवेगळी दिसतात. २००१ साली सुरू झालेल्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाने जगभरच्या परीक्षणांची सरासरी काढायला सुरुवात केली. कुणाच्या मताला किती वजन द्यायचं हे तिथे आतल्या आत ठरतं. त्या सरासरीत आवृत्ती, तास, सगळं विरघळून जातं आणि उरतो तो एक आकडा. त्यावर माणसांचं पोट अवलंबून राहू लागलं. ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ हा गेम २०१० मध्ये आला. तो घडवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला बोनससाठी ८५ गुण हवे होते, मिळाले ८४. एका गुणाने बोनस हुकल्याचं कंपनीचे सहसंस्थापक क्रिस अॅव्हलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ८४ आणि ८५ यांत कारागिरीचा कोणता फरक असतो? मला तरी तो सांगता येणार नाही आणि सांगता येतो असं म्हणणाऱ्याने तो दाखवून द्यावा.

गुण देणाऱ्यांवर दुसऱ्या बाजूनेही दाब येतो. २००७ साली गेमस्पॉट या संकेतस्थळाचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्या वेळी त्याच गेमच्या जाहिराती तिथे झळकत होत्या. लवकरच त्यांची नोकरी गेली आणि यामागे जाहिरातदारांच्या नाराजीचा ताण होता हे त्यांनी २०१२ मध्ये स्वतः सांगितलं. परीक्षणाची प्रत कुणी दिली, जाहिरात कुणाची आहे, हे वाचकापुढे मांडायचं ते यासाठी. मोकळेपणाने सांगितलं की वाचक आपलं आपण ठरवतो.

वाचकांच्या गुणांनाही हीच कसोटी लागते. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस : पार्ट टू’ आला. हा गेम संपायला पंचवीस-तीस तास लागतात आणि तो येऊन काही तास झाले नाहीत तोच हजारो जणांनी त्याला मेटाक्रिटिकवर शून्य देऊन टाकलं. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला, की गेम आल्यावर ३६ तास उलटेपर्यंत वाचकांना गुण देता येणार नाहीत. राग येण्याचा हक्क सर्वांना आहे, पण न खेळलेल्या गेमचं परीक्षण होऊ शकत नाही.

आता आपल्याकडे येऊ. प्लेस्टेशन ५ अमेरिका-जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाली आवृत्ती ४९,९९० रुपयांना. त्यावरच्या मोठ्या नव्या गेमला तेव्हा ४,९९९ रुपये मोजावे लागत. निन्टेन्डोची यंत्रं इथे अधिकृतपणे विकलीच जात नाहीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून आयात केलेला माल घ्यावा लागतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. अशा बाजारात परदेशी परीक्षणाचं भाषांतर पुरत नाही. डिस्क पुढे विकता येईल का, की डिजिटल प्रत घेऊन पैसे अडकतील? शंभर जीबी उतरवायला घरच्या ब्रॉडबँडवर किती वेळ लागेल? जुन्या यंत्रावर चालेल का? वर्षाला दोनच गेम घेऊ शकणाऱ्या मुलाचे आईवडील हेच प्रश्न विचारतात आणि परीक्षणात त्यांची उत्तरं मिळालीच पाहिजेत.

आपल्या माणसांनी घडवलेल्या गेमलाही हीच मोजपट्टी लावायला हवी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी राजी, तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ, पहाडी चित्रशैलीतून उचललेले रंग, कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या आणि वर विष्णू-दुर्गेचा संवाद. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं. त्या किल्ल्यांच्या कमानींखालून धावताना मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. पण परीक्षण तिथे थांबत नाही. कॅमेरा आपल्या हाती नसल्यामुळे उडी नेमकी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. लढाईत शत्रूंनी घेरलं की एखादा चौकटीबाहेरून येतो. स्विच हातात धरला की दूरवरच्या कॅमेऱ्यातून राजी फार लहान दिसते. आणि कथा ऐन रंगात आली असताना आवरती घेतल्यासारखी संपते. हे सगळं लिहिणं म्हणजे पुण्यातल्या त्या छोट्या चमूचा पाणउतारा नव्हे. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली तेव्हा हिंदी संवाद आले होते आणि लढाईवरही काम झालं होतं. ‘आपला आहे ना, मग छानच आहे’ असं म्हणून पाठ थोपटणाऱ्यांकडून कारागिराला शिकण्यासारखं काही मिळत नाही.

सुधारित आवृत्त्यांमुळे परीक्षणाला तारीख लागते. ‘सायबरपंक’चंच पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली, पोलिसांपासून कौशल्यांपर्यंत कितीतरी गोष्टी नव्याने बांधल्या गेल्या आणि गेमची पत परत आली. जून २०२५ मध्ये तो स्विच २ वर आला. ज्या गेमने प्लेस्टेशन ४ ला घाम फोडला तो आज हातात धरून सेकंदाला ४० फ्रेमच्या पर्यायात खेळता येतो. ही मोठी कामगिरी आहे आणि मी तिचं मनापासून कौतुक करते. मात्र २.० ही आवृत्ती प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी निघालीच नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी, आगाऊ पैसे भरून, त्या यंत्रांवर विश्वास टाकला, त्यांना दुरुस्त झालेला तो गेम हवा तर आधी नवं यंत्र घ्यावं लागतं. ‘आता गेम उत्तम झाला आहे’ असं लिहिणाऱ्याने कोणासाठी, हेही लिहायला हवं.

मराठी वृत्तपत्रांत सिनेमाला आणि नाटकाला हक्काची जागा आहे, गेमला नाही. पंचवीस-तीस तास एका कलाकृतीत राहणाऱ्या, तिच्यासाठी पाच हजार रुपये मोजणाऱ्या वाचकांची संख्या इथे वाढते आहे आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी परीक्षणं हवी आहेत. ती जागा मिळवण्यासाठी मी भांडत राहीन. तरुणांनी ती भरायला पुढे यावं. लिहिताना पहिल्या ओळीत यंत्राचं नाव, आवृत्तीचा क्रमांक, खेळलेले तास आणि प्रत कुठून मिळाली ते द्यावं. आणि वाचकांनी ती ओळ न देणाऱ्याचे गुण, दहापैकी दहा असले तरी, मोजू नयेत.