वहिवाट

वाटेला मराठीने बरीच नावे दिली आहेत. पाऊलवाट, गाडीवाट, पाणंद, आडवाट, चोरवाट, घाट, खिंड. या साऱ्या वाटा डोळ्यांना दिसतात. ‘वहिवाट’ मात्र दिसत नाही. ती वापरातून घडते आणि वापर थांबला की पुसट होत जाते. शब्दाच्या व्युत्पत्तीच्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु ज्या भाषेत नित्याचा वापर आणि त्या वापरातून आलेला हक्क ही दोन्ही एकाच शब्दात नांदतात, त्या भाषेने रस्त्यांविषयी काही मूलभूत ओळखले असावे, असे मराठी शिकवताना आम्हांस अनेकदा वाटले आहे.

हा विचार अधिक घोळू लागला तो सापगावच्या परिसरात. शहापूरहून मुरबाडकडे जाताना भातसा नदीकाठी हे गाव लागते. त्याच्या आसपासच्या दोन तालुक्यांत प्रवासाची तीन युगे नांदतात. मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीच्या धारेवर नाणेघाट आहे. शहापूर तालुक्यात कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणारा थळ घाटाचा लोहमार्ग आहे. आणि त्याच तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या तिन्ही वाटांकडे आपण एकाच नजरेने पाहतो का, हा आमचा प्रश्न आहे.

नाणेघाटाची थोरवी पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला व पुढे पैठणला जाई. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा हा त्याचा विषय. त्यातील अंकचिन्हे गणिताच्या इतिहासकारांनाही महत्त्वाची वाटतात. तिथे राजपुरुषांच्या मूर्ती होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. बाहेर दगडात कोरलेला रांजण आहे, तो जकातीचा असे परंपरा सांगते.

आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही वैशाखरे गावाच्या बाजूने हा घाट चढलो आहोत. दगडी फरसबंदीचे तुकडे, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, उतरत्या उन्हात लांबणाऱ्या सावल्या. माथ्यावर पोचताच दृश्य बदलले. जुन्नरच्या बाजूने घाटघरमार्गे मोटारी वरपर्यंत येतात. लोक उतरतात, रांजणापाशी छायाचित्र काढतात, पावसाळा असेल तर वाऱ्याने उलटे उडणारे पाणी पाहतात आणि परततात. यात त्यांचा दोष काही नाही. मात्र एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, “सर, ह्यांनी घाट पाहिलाच नाही, फक्त घाटाचं टोक पाहिलं.” आमच्या व्याख्यानांपेक्षा हे वाक्य नेमके होते.

आपल्या वारसाविचाराची गफलत इथेच आहे. लेणे, लेख, किल्ला या वस्तू मोजता येतात, त्यांना कुंपण घालता येते. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत शिवनेरीही आहे, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला. परंतु शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर हे किल्ले ज्या वाटेवर नजर ठेवून होते, ती वाट कुणाच्या यादीत? स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेची वाट १९९३ साली जागतिक वारशात आली. तिथे चर्च आणि पूल जपले जातातच, पण त्यांना जोडणारे चालणेही जपले जाते. आपल्याला हे परके वाटू नये. पंढरीची वारी हेच सांगत आली आहे. देवळाइतकेच महत्त्व तिथे वाटेला, मुक्कामांना आणि पावलांना असते.

थळ घाटाचा लोहमार्ग याच्या अगदी उलट उदाहरण आहे. १८६५ साली रेल्वे हा घाट चढून इगतपुरीला पोचली. ३७ फुटांमागे १ फूट असा तीव्र चढ. म्हणून कसाऱ्याला गाड्यांना जादा इंजिने लावण्याची रीत पडली. दीड शतक उलटून गेले तरी तो मार्ग सजीव आहे. सापगावचा तरुण आसनगावला लोकल पकडतो, तेव्हा तो वारसास्थळाला भेट देत नाही, कामावर जातो. रुळ, स्लीपर, इंजिने पुन्हा पुन्हा बदलली; वहिवाट टिकली. धूर आणि इंधन वाचवणाऱ्या प्रवासाविषयी आज जगभर परिषदा भरतात. त्यांना हवी असलेली सामायिक, स्वस्त, जुनीच पण निगा राखलेली वाट इथे रोज पहाटे गर्दीने भरून वाहते.

आता तिसरे, सर्वांत लहान उदाहरण. आमच्या वर्गातली एक मुलगी पाड्यावरून रस्त्यापर्यंत चालत येऊन बस पकडते. एका वर्षी तिचा पहिला तास वारंवार बुडू लागला. विचारले तेव्हा कळले, की शेत विकले गेले, नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले आणि शेताच्या कडेची पायवाट त्यात गेली. आता वळसा घालावा लागतो. जुन्या गावनकाशात पायवाटा आणि गाडीवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. अडवलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ने तहसीलदाराला दिला आहे. कायदा वहिवाट ओळखतो. मात्र तो मागायला कुणी गेले, तरच.

पायवाटेचे कौतुक करताना आम्हांला झोळीचा विसर पडलेला नाही. आजारी माणसाला, अडलेल्या बाईला झोळीत घालून ज्यांनी डांबरी रस्त्यापर्यंत आणले, त्यांना पक्का रस्ता हवाच. समृद्धी महामार्गाने अंतर कमी केले, हेही खरे. पण ७०१ किलोमीटरच्या त्या मार्गावर दुचाकीलासुद्धा प्रवेश नाही, मग पादचाऱ्याची गोष्टच नको. नव्या वाटेने जुनी वाट संपवावी, असा निसर्गाचा काही नियम नाही. मोठा रस्ता आखताना गावाने ओलांडायची जागा कुठे, पावलांची वाट कुठे, हे आधी विचारता येते.

मागणी फार मोठी नाही. नाणेघाटाची नोंद लेण्यापुरती न ठेवता पायथ्यापासून माथ्यापर्यंत व्हावी: फरसबंदी, टाकी, विसाव्याच्या जागा. आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावनकाशातली प्रत्येक तुटक रेघ एकदा पायी चालून पाहावी, कुठे अडली आहे ते लिहून ठेवावे. महाविद्यालयांतील मुले या कामाला आनंदाने येतील. आमची तर येतीलच. राणीच्या लेखातील अक्षरे आपण वाचली. त्या घाटाने ओझी वाहिलेल्यांनी लेख कोरले नाहीत. त्यांनी मागे ठेवली ती वाट. ती वाचायची तर चालतच वाचावी लागेल.