टिप्पणी हीसुद्धा अमानत

आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारे लोक संगणकासाठी कोड लिहितो, तशा त्यातच माणसांसाठी टिप्पण्याही लिहितो. जावा भाषेत तिरकी रेघ आणि दोन तारकांनी सुरू होणारी टिप्पणी ‘जावाडॉक’ हे साधन उचलते आणि तिच्यातून माहितीची वेब पाने आपोआप तयार करते. वेगळी पुस्तिका लिहावी लागत नाही.

समजा, जकातीचा हिशेब करणारे ॲप आहे. टिप्पणीत लिहिले आहे, ‘निसाब 612 ग्रॅम चांदीच्या किमतीवर.’ पुढे कोणी कोडमध्ये 87 ग्रॅम सोने धरले आणि टिप्पणी तशीच ठेवली. जावाडॉक निमूटपणे ‘चांदी’च छापणार. आज सोन्याचा निसाब कितीतरी मोठा आहे. चांदीच्या हिशेबाने जकात देणे असलेल्या बहिणीला ॲप ‘जकात नाही’ सांगेल, आणि ती पाने वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही.

सूरह बकराच्या 282व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, आणि लिहिणाऱ्याने तो इन्साफाने लिहिण्याचा हुकूम आहे. आमची टिप्पणीही पुढच्या माणसाच्या हाती जाणारी अमानतच. म्हणून कोड बदलला, की जागेवरून उठण्याआधी टिप्पणीही बदलायची, हा नियम आम्ही पाळतो.