बाहेरचं शहर

हाँगकाँगला जायचं ठरल्यावर ओळखीतल्या दोघातिघांनी आम्हाला वेड्यात काढलं. स्वस्तात परदेश बघायचा तर बँकॉक आहे, व्हिएतनाम आहे. खिसा चाचपत निघालेल्यांनी जगातल्या सर्वांत महाग शहरांपैकी एकात कशाला कडमडायचं? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथे घर घेता घेता भल्याभल्यांची उमर निघून जाते. पण महाग शहरांतही दोन जाती असतात. एकीत पाण्याच्या बाटलीपासून सगळंच महाग. दुसरीत महाग असतात त्या फक्त चार भिंती. हाँगकाँग या दुसऱ्या जातीचं. चार दिवसांच्या पाहुण्याला भिंती लागतात त्या फक्त झोपेपुरत्या.

भारतीय पासपोर्ट असला तर चौदा दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला व्हिसा लागत नाही; निघण्याआधी इंटरनेटवर नोंदणी करायची, तीही फुकट. तिथला डॉलर आपल्या अकरा रुपयांच्या आसपास धरावा. विमानतळावरून शहरात नेणारी झुळझुळीत रेल्वे आहे, पण तिच्या साधारण एक तृतीयांश भाड्यात ए २१ नंबरची दुमजली बस नेथन रोडला आणून सोडते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर झुलता पूल, बंदरातल्या कंटेनरच्या चळती आणि डोंगराला पाठ लावून उभे असलेले उंच टॉवर, सगळं त्याच तिकिटात.

झोपायच्या भिंती आम्ही चुंगकिंग मॅन्शन्समध्ये शोधल्या. १९६१ साली बांधलेली ही सतरा मजली इमारत शहराच्या अगदी मोक्याच्या जागी आहे आणि तिच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. वाँग कार-वाईने तिच्या नावावरून चित्रपट काढला, गॉर्डन मॅथ्यूज नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला. आत पाच विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाला दोन चिमुकल्या लिफ्ट: एक सम मजल्यांची, दुसरी विषम मजल्यांची. लिफ्टबाहेर छोटा पडदा असतो, त्यावर आत कोण कसं कोंबलेलं आहे ते दिसतं. रांगेत नायजेरियाचा व्यापारी, नेपाळी पोऱ्या, पंजाबी आजी आणि मोबाईलच्या खोक्यांची हातगाडी. हातगाडीला वजन असल्यामुळे तिला मान. खोलीत पलंग मावला होता, एवढंच तिच्या बाजूने सांगता येईल. न्हाणीघरात शॉवर बरोबर कमोडच्या डोक्यावर. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, बॅग उघडायची असेल तर तुम्ही बाहेर जा." मी गेलो. पुढचे सगळे दिवस आम्ही आळीपाळीने बाहेरच होतो, आणि फायदा त्यातच झाला.

बाहेर आधी भेटते ती ट्राम. हाँगकाँग बेटाच्या उत्तर किनाऱ्याने १९०४ पासून ती धावते आहे. दुमजली झाली १९१२ मध्ये. भाडं सरसकट एकच, साडेतीन डॉलरांच्या आत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा, नाहीतर पुढच्या थांब्याला उतरा. चढायचं मागून, फिरत्या फाटकातून; पैसे द्यायचे उतरताना, पुढे ड्रायव्हरजवळ. म्हणजे आधी शहर बघा, मग दाम मोजा. बऱ्याच डब्यांत वातानुकूलन नाही. खिडक्या उघड्या असतात, त्यामुळे शहर नाकानेही बघता येतं: पश्चिमेकडे सुकवलेल्या माशांच्या, शिंपल्यांच्या दुकानांचा खारा दर्प, पुढे कुठे भाजलेल्या बदकाचा, तर कुठे बांबूच्या परांचीआड चाललेल्या दुरुस्तीच्या ओल्या सिमेंटचा. नॉर्थ पॉइंटला तर गाडी थेट चुन यूंग स्ट्रीटच्या मंडईतच घुसते. रुळांच्या दोन्ही बाजूंना भाजी, मासळी, लटकवलेलं मटण, आणि मधून माणसं. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवतो, टिंग टिंग. लोक न बघता अर्धं पाऊल सरकतात, गाडी गेली की पुन्हा रुळांवर. वरून हात लांबवला असता तर एखाद्या छत्रीवरची मेथीच्या जुडीएवढी कसलीशी पालेभाजी उचलता आली असती. मुंबईने आपली ट्राम ३१ मार्च १९६४ ला मोडीत काढली. त्या रस्त्यांवर आता काय वेगाने धावतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पाणी ओलांडायला स्टार फेरी. तिच्यावर मुंबईकराचा थोडा हक्क आहे. मुंबईहून आलेल्या दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने, जो आधी तिथे स्वयंपाकी होता असं सांगतात, वाफेच्या बोटीतून लोकांची ने-आण सुरू केली आणि १८८८ मध्ये फेरी कंपनी उभारली. स्टार हे नाव १८९८ मधलं. बोटींची नावं अजूनही मॉर्निंग स्टार, सोलर स्टार, ट्विंकलिंग स्टार अशी. पलीकडच्या, कौलूनमधल्या मोदी रोडचे मोदीही मुंबईचेच पारशी, सर होरमसजी; हाँगकाँग विद्यापीठाची इमारत त्यांच्या देणगीतून उभी राहिली. बोट हिरवी-पांढरी, बाकं लाकडी. बाकाची पाठ ढकलली की अलीकडची पलीकडे होते, म्हणजे बोट उलटी न वळवता प्रवाशालाच तोंड फिरवता येतं. सुट्टीचा दिवस नसेल तर वरच्या मजल्याचं भाडं पाच डॉलर, खालच्याचं चार. खालचा बरा, पाणी जवळ, इंजिनाचा धडधडाट पायाखाली आणि धक्क्याला लागताना खलाशी लांब आकडीने दोर कसा पकडतो ते हाताच्या अंतरावर.

या फेरीचं भाडं हा पोरखेळ नाही. १९६६ च्या एप्रिलमध्ये पहिल्या वर्गाचे दर वीस सेंटवरून पंचवीस सेंट करायचे ठरले. एक तरुण एकटाच धक्क्यावर उपोषणाला बसला, त्याला पकडलं, आणि मग कौलूनच्या रस्त्यांवर रात्रीमागून रात्र दंगल पेटली. पाच सेंटांसाठी! आणि तेही पहिल्या वर्गाच्या, जिथे गरीब बसतच नव्हता. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. आमचं बिऱ्हाड दोन खोल्यांचं होतं, पण आम्ही राहायचो गॅलरीत: अभ्यास तिथे, भांडणं तिथे, उन्हाळ्यात झोपही तिथेच. खोलीचं भाडं मालकाने वाढवलं तर लोक कुरकुरायचे. गॅलरीत कुणी कुलूप लावायचं म्हटलं असतं, तर मात्र मारामाऱ्या झाल्या असत्या. हाँगकाँगची ट्राम, फेरी, बागा, डोंगरवाटा ही त्या शहराची गॅलरी आहे. घरात जागा नाही म्हणून लोक बाहेर जगतात, आणि बाहेरचं त्यांनी हट्टाने स्वस्त ठेवलेलं आहे. मिड-लेव्हल्सच्या चढावर १९९३ पासून आठशे मीटर लांबीचे सरकते जिने आहेत, भर रस्त्यात, फुकट. सकाळी दहापर्यंत कामावर जाणाऱ्यांना खाली आणतात, मग मध्यरात्रीपर्यंत वर नेतात. चाळीसेक टक्के जमीन राखीव उद्यानांसाठी सोडलेली आहे, ही गोष्ट तिथल्या जागेचे भाव ऐकल्यावर खरी वाटत नाही. शिखरावर जायला पीक ट्रामची लांबलचक रांग आणि जड तिकीट. आम्ही पंधरा नंबरच्या बसने गेलो आणि लुगार्ड रोडवरून चालत तोच देखावा झाडांच्या आडून बघितला.

खाण्याचं कोडं बायकोच्या शाकाहारामुळे होतं. चुंगकिंगच्या तळमजल्यावर डाळ-रोटी मिळते, बौद्ध शाकाहारी खाणावळी आहेत, आणि चहाला तर तोटाच नाही. चा चान तेंग नावाची तिथली उपाहारगृहं म्हणजे गर्दीच गर्दी. जागा दिसेल तिथे बसायचं. चौघांच्या टेबलावर तीन अनोळखी माणसं असली तरी संकोच नाही. चहा लांब कापडी पिशवीतून पुन्हा पुन्हा गाळलेला, त्यात आटवलेलं डब्याचं दूध. रंग विटकरी, चव अशी कडक की जीभ खरखरीत होते. सोबत अननस-पाव. त्यात अननस नसतो, वरच्या साखरेच्या भेगाळ कवचावरून ते नाव पडलं. गरम पावाच्या पोटात लोण्याची थंड जाड चकती घालून देतात. दोन घास होईपर्यंत ती वितळायला लागते, मग मनगटावरून ओघळ. समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला.

रविवारी सेंट्रलला गेलो आणि स्वस्ताईचा आमचा तोरा उतरला. बँकांच्या मनोऱ्यांखाली, नॉर्मन फॉस्टरने बांधलेल्या एचएसबीसीच्या इमारतीच्या पोटातल्या मोकळ्या जागेत, पादचारी पुलांवर, जिथे तिथे खोक्यांचे पुठ्ठे पसरून फिलिपिन्सच्या बायका बसलेल्या. घरकामाला आलेल्या अशा बायका या शहरात तीन लाखांवर आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या. कायद्याने त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं आणि कायद्यानेच आठवड्याला एक सुट्टी मिळते. म्हणजे सुट्टीत जायला स्वतःची खोली नाही. पुठ्ठ्यांना गुडघाभर भिंती केलेल्या, चपला बाहेर ओळीने. आत पत्ते, नखं रंगवणं, डब्यातल्या शेवया, फोनवर दूरची पोरं, एकीकडे रांगेत उभं राहून नाचाची तालीम. आम्ही काटकसर करत होतो ती हौसेची. परतीचं तिकीट खिशात होतं. तरी त्यांच्याकडे बघून कीव करण्याचं कारण दिसलं नाही. एका पुठ्ठ्यावर इतकं खिदळणं चाललं होतं की बायको तिथे उगाचच रेंगाळली. शेवटी त्यांच्यातल्या एकीने तिला शेवया देऊ केल्या. "चिकन?" हिने विचारलं. "चिकन," ती म्हणाली, आणि दोघीही हसल्या.

बुधवारी रात्री हॅपी व्हॅलीला घोडे धावतात. १८४६ पासून तिथे शर्यती आहेत. ट्राम दारापर्यंत नेते, आत जायला दहा डॉलर. मैदानाभोवती गोल उभे असलेले टॉवर, सगळ्या खिडक्या पेटलेल्या, आणि त्यांतले लोक बाल्कनीत उभे राहून शर्यत फुकट बघतात. कमीत कमी पैज दहा डॉलरांची.

"दहाच ना? मग लावा की," बायको म्हणाली. आयुष्यात लॉटरीचं तिकीट न घेतलेली बाई.

"कुठल्यावर?"

"तो हिरव्या कपड्यांतला. दमलेला दिसतोय बिचारा."

तो खरोखरच दमलेला होता. शेवटून दुसरा आला. शेवटच्या वळणावर मात्र आसपासच्या सगळ्या गर्दीबरोबर तीही कठड्यावर हात आपटून ओरडत होती, चक्क मराठीत. मग बाल्कन्यांकडे बोट करून म्हणाली, "त्या लोकांचे कोट्यवधी गेले असतील नाही, हे बघायला?" आणि पुढच्या शर्यतीचा कागद उलगडून नावं वाचायला लागली.